दौलतराव पेंटरला काय दिसतं

चौकशीला आलेल्या माणसाला दौलतरावांनी स्वतः रस्ता दाखवत आपल्या घरापर्यंत आणलं, आणि सगळं तिथंच बिघडलं.

दौलतरावांना दिसत नव्हतं. मोठ्या दवाखान्याच्या दाखल्यात तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. त्या दाखल्याच्या जोरावर त्यांनी दिव्यांगांच्या पेन्शनसाठी अर्ज केला होता आणि अर्जदाराची परिस्थिती डोळ्यांनी पाहून यायला मोहनसिंग नावाचा नवा तलाठी मोटारसायकलवर काटेपिंपरीला आला होता. मेडशीच्या रस्त्यावरून आत वळल्यावर गावाच्या तोंडाशी एसटीचा थांबा आहे. तिथं कोवळ्या उन्हात एक म्हातारे गृहस्थ बसले होते. धुतलेला सदरा, नीट विंचरलेले केस, डोळे स्वच्छ आणि शांत, लांब कुठंतरी लागलेले. मोहनसिंगनं गाडी थांबवून विचारलं की ते आंधळे दौलतराव पेंटर कुठं राहतात.

"चाला, मी तिकडेच जाऊन राह्यलो," दौलतराव म्हणाले आणि उठून चालायला लागले.

मीच तो, असं भर रस्त्यात सांगणं त्यांना बरं वाटलं नाही. पाहुण्याला आधी घरी न्यावं, खाटेवर बसवावं, पाणी द्यावं, मग आपली ओळख सांगावी, ही त्यांची रीत होती. शिवाय 'आंधळे' हा शब्द ऐकल्यावर क्षणभर त्यांना खरोखरच दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेतलं जातंय असं वाटलं होतं.

रस्ताभर ते मोहनसिंगला गाव दाखवत होते. ही डाव्या हाताला शाळा, तिच्या कमानीवर लाल अक्षरं आहेत. हे शालिग्रामचं किराणा दुकान, निळ्या पाटीवर पिवळं नाव, आणि नावाखाली तराजू. इथं नाली आहे, पाय जरा उचलून टाका. पुढं बुद्धविहार, त्याच्या भिंतीवर नाव आणि अशोकचक्र, आणि विहाराच्या बाजूनं वळलं की आलंच. मोहनसिंगनं पाट्यांकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला कळलं असतं की शाळेची कमान केव्हाच पडली आहे आणि शालिग्रामच्या दुकानावर निळी पाटी नसून एका मोबाईल कंपनीचा फलक आहे. तो गाडी ढकलत खाली पाहून चालला होता, आणि नाली मात्र म्हाताऱ्यानं सांगितली तिथंच होती.

घरी आल्यावर दौलतरावांनी पाहुण्याला खाटेवर बसवलं, माठातलं पाणी दिलं, समोर बसून हात जोडले आणि म्हणाले, "जयभीम. बोला सायेब, मीच दौलतराव."

मोहनसिंगनं पाणी पिऊन गडवा खाली ठेवला. त्यानं म्हाताऱ्याच्या स्वच्छ डोळ्यांकडं एकदा पाहिलं. मग त्यानं खिशातून पेन काढलं.

दौलतराव एके काळी या भागातले नावाजलेले पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, ट्रॅक्टरच्या पाठीमागचे मोर, विहारातली चक्रं, सगळं त्यांच्या हातचं. मालेगाव, मंगरूळपीर, वाशीम, कुठंही गेलं तरी त्यांची वळणदार अक्षरं भेटत. पुढं छापील फलक आले, पाट्यांची कामं कमी झाली आणि त्याच सुमाराला डोळ्यांतली नसही सुकत गेली. डोळ्यांनी जायची घाई केली नाही. आधी बाजूचं दिसेना, मग कडांचं. शेवटी मधोमध नाण्याएवढं एक गोल उरलं, त्यातून ते पत्नीचा, पंचफुलाबाईंचा, चेहरा पाहत. मग तेही मिटलं. हे सारं इतकं सावकाश झालं की दिसायचं नेमकं कोणत्या दिवशी थांबलं, ते त्यांना सांगता येत नसे. ज्याचा दिवसच सांगता येत नाही अशी गोष्ट घडली आहे, असं मानायला त्यांचं मन तयार नव्हतं. जिथं दिसणं संपलं तिथून त्यांच्या मनानं रंगवायला घेतलं होतं. त्यामुळे त्यांच्या काटेपिंपरीत सगळ्या पाट्या ओल्या रंगाच्या होत्या, तोडलेला कडुनिंब अजून सावली देत होता आणि पंचफुलाबाईंचा एकही केस पांढरा नव्हता.

पंचफुलाबाई मात्र खऱ्या गावात राहत होत्या. लोकांच्या शेतात निंदणाला, कापणी-सोंगणीला जाऊन त्या घर चालवत. आता त्यांचे गुडघे जमिनीवरून उठताना आवाज करू लागले होते. पेन्शन सुरू झाली की एवढी तूर सोंगून झाल्यावर बाहेरचं काम सोडायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

काही आठवड्यांनी कचेरीतून पत्र आलं. ते शालिग्रामनं दुकानात बसून मोठ्यानं वाचलं, कारण त्याला कोणतंही पत्र हळू वाचता येत नसे. अर्जदारानं चौकशी करणाऱ्यास स्वतः मार्गदर्शन करून, वाटेतली नाली दाखवून घरी नेलं, सबब दृष्टिदोष आढळून आला नाही, अर्ज नामंजूर. दुकानात जमलेल्या लोकांना नालीचा उल्लेख विशेष आवडला.

त्या दिवसापासून गाव दौलतरावांची परीक्षा घेऊ लागलं. आधी गमतीनं, मग जरा बारकाईनं. कुणी त्यांच्या तोंडासमोर हात हलवून पाहायचं. कुणी मुकाट्यानं शेजारी येऊन बसायचं आणि ते दचकतात का ते पाहायचं. शालिग्रामनं विचारलं, माझ्या अंगातल्या सदऱ्याचा रंग सांगा. दौलतराव म्हणाले, पांढरा. शालिग्राम जन्मभर पांढराच सदरा घालत आला होता, पण हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्यानं जमलेल्या लोकांकडं अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं. दुसऱ्या एकानं विचारलं, माझ्या मिशा कशा आहेत. दौलतराव म्हणाले, कोरलेल्या, जशा ट्रॅक्टरवरच्या शेराच्या असतात तशा. त्या माणसानं मिशी काढून कैक वर्षं झाली होती, परंतु त्याला ते वर्णन इतकं आवडलं की तोही म्हणाला, पेंटरले पक्कं दिसते.

दौलतरावांना यात काही वावगं वाटत नव्हतं. लोक आपल्याशी पूर्वीपेक्षा जास्त बोलायला लागले, याचा त्यांना आनंदच होता. शेतात मात्र बायकांनी पंचफुलाबाईंना विचारलं की नवरा डोळस असताना तुम्ही काहून कामाले येता, आणि तो प्रश्न विचारताना सगळ्या जणी विळे थांबवून त्यांच्याकडं पाहत होत्या. त्या दिवशी त्या घरी आल्या आणि चूल न पेटवता तिच्यासमोर बसून राहिल्या.

दौलतरावांनी विचारलं, काय झालं.

"पेन्शनचं जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "लोकं तुमाले खोटं म्हनून राह्यले. थे मले नाई सोसत."

 आपल्याला खोटं कोण म्हणेल, हे दौलतरावांना खरंच कळत नव्हतं. त्यांनी आजवर खोटं एकच केलं होतं. एकदा एका पुढाऱ्याच्या सांगण्यावरून त्याचं पोट चित्रात आत घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाई त्यांना घेऊन वाशीमला गेल्या. ओळखीच्या एकानं वकिलाचं नाव दिलं होतं. पाटणी चौकामागच्या गल्लीत गाद्या-रजयांचं एक दुकान होतं आणि त्याच्यावरच्या खोलीत ॲडव्होकेट फरहीन बसत. दुकान वडिलांचं. खाली दिवसभर कापूस पिंजला जाई आणि त्याचे तंतू जिन्यातून तरंगत वर येत. फरहीनच्या काळ्या कोटावर, कायद्याच्या पुस्तकांवर, पक्षकारांच्या डोक्यांवर पांढरी लव बसलेली असे. खिडकीतून उन्हाची तिरीप आली की खोलीभर ती लव सावकाश खाली-वर होत राही आणि बोलणाऱ्याचा आवाज आपोआप हळू होई. पंचफुलाबाई जिना चढून आल्या तेव्हा त्यांना कोणाच्या तरी झोपेत शिरल्यासारखं वाटलं.

फरहीन वयानं लहान होती, पण बोलण्यात कडक. तिनं दवाखान्याचा दाखला वाचला, नामंजुरीचं पत्र वाचलं आणि नालीपाशी आल्यावर हसू दाबलं. मग तिनं सांगितलं की केस सरळ आहे. दाखला खरा आहे, वरच्या साहेबांकडं अपील करायचं आणि मागची चौकशी चुकीची झाली एवढं दाखवून द्यायचं. तिची अट एकच होती. तिच्याकडं येणारे काही लोक काठी विकत घेऊन, काळा चष्मा लावून, भिंतीला धडकून दाखवायला तयार होऊन येत. तसलं काही ती चालवून घेणार नव्हती.

"खोटं एक अक्षर नाही बोलायचं काका. साहेब विचारतील, दिसते का. तुम्ही म्हणायचं, मले दिसत नाही. बस, किस्सा खतम."

दौलतरावांनी मान हलवली. फरहीननं खात्रीसाठी विचारलं, आता समोर काय दिसते?

"तुमी दिसता नं बेटा," दौलतराव म्हणाले. "निळी ओढनी हाय. टेबलावर कुंडी, कुंडीत गुलाब. मांगच्या भितीले हिरवा रंग देल्ला, पन हात बरोबर नाई बसला."

फरहीननं आपल्या काळ्या कोटाकडं पाहिलं, मग मागच्या पांढऱ्या भिंतीकडं. टेबलावर कुंडी नव्हती. पंचफुलाबाई हळूच म्हणाल्या, "हे असंच हाय, बाई."

तेव्हा फरहीनला कळलं की केस दिसते तितकी सरळ नाही. तिचा पक्षकार खोटं बोलत नव्हता, आणि तरीही त्याचं एक वाक्यही खरं नव्हतं. 'मले दिसत नाही' हे साधं वाक्य त्यांच्या तोंडून तिनं पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायचा प्रयत्न केला. दौलतराव ते म्हणायचे, पण शेवटी काहीतरी जोडायचे. मले दिसत नाही, जरा अंधार हाय म्हनून. मले दिसत नाही, पन तसं दिसते. जाताना तिनं पंचफुलाबाईंना सांगितलं की घरी रोज सराव घ्या.

पंचफुलाबाई सुपात तूर पाखडता पाखडता सराव घेऊ लागल्या. त्या साहेब व्हायच्या आणि विचारायच्या, दिसते का? दौलतराव थोडा वेळ घ्यायचे. सूप वाजत राहायचं, टरफलं उडून अंगणात पसरायची. मग ते विचारायचे की तू आज ते हिरवं लुगडं नेसली का. पंचफुलाबाईंनी ते लुगडं फाडून त्याची गोधडी केली होती. पण त्या हो म्हणायच्या, आणि सराव तिथंच संपायचा.

अपिलाची तारीख जवळ आली तशी फरहीनला काळजी वाटू लागली. पक्षकाराच्या तोंडावर भिस्त ठेवता येत नाही म्हटल्यावर पुरावा हवा. न दिसणाराही माणूस सवयीच्या वाटेनं सरळ चालू शकतो, हे सिद्ध करायचं तिनं ठरवलं आणि ती एका सकाळी एसटीनं काटेपिंपरीला आली. थांब्यावर तिनं आपली ओढणी डोळ्यांवर घट्ट बांधली, दौलतरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि शालिग्रामला फोन देऊन सांगितलं की आम्ही घरापर्यंत जातो, तुम्ही सगळं नीट व्हिडिओत घ्या.

दोघं निघाले. दौलतराव पूर्वीसारखंच एकेक सांगत होते. ही शाळा, ही लाल अक्षरं. डोळे बांधलेल्या फरहीनला आधी जमिनीची भीती वाटत होती, पण जसजसं ते सांगत गेले तसतसं तिला सगळं दिसू लागलं. लाल कमान दिसली, निळ्या पाटीवरचा तराजू दिसला. कडुनिंबाची सावली आली म्हटल्यावर तिच्या अंगाला गारवासुद्धा लागला. तिनं पुढं मैत्रिणींना सांगितलं की इतकं सुंदर गाव तिनं उघड्या डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मागं जमलेले लोकही गप्प झाले होते. नाली आली, दोघांनी सारखेच पाय उचलले आणि पलीकडं टाकले. त्या क्षणी फरहीनला वाटलं की केस जिंकली.

विहाराच्या वळणावर नळयोजनेसाठी आदल्या दिवशी चर खोदला होता. तो दौलतरावांच्या गावात नव्हता.

आधी दौलतराव गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात असल्यानं पाठोपाठ वकीलही गेल्या. शालिग्रामनं व्हिडिओ न थांबवता दोघांना चरात उतरताना व्यवस्थित टिपलं. पंचफुलाबाई धावत आल्या. चरात डोळ्यांवरची ओढणी सोडत, कोटाची माती झटकत फरहीन उभी राहिली आणि तिचा चेहरा आनंदानं फुलला.

"काका, पडलात. लई चांगलं झालं."

दौलतराव पाय चोळत बसले होते. त्यांना त्यात चांगलं काय ते कळलं नाही. गावाला मात्र कळलं. चर दिवसाढवळ्या सगळ्यांना दिसत होता, म्हशींनाही दिसत होता, आणि पेंटर सरळ आत गेले होते. त्या दिवशी शालिग्रामनं स्वतः त्यांच्या पायाला हळद लावून दिली. आपल्या सदऱ्याच्या रंगाबद्दल तो काही बोलला नाही.

पायाची सूज सुनावणीच्या दिवशीही होती, त्यामुळे वाशीमला आल्यावर नवाच घोळ झाला. लंगडत येणाऱ्या दौलतरावांना पाहून दारातल्या शिपायानं त्यांना पायांनी अधू असलेल्यांच्या बाकावर नेऊन बसवलं. तिथं शेजारच्या माणसानं त्यांना पाय कधीपासून असा आहे विचारलं, त्यांनी परवापासून म्हणून खरं सांगितलं, आणि त्या बाकावरचे सगळे जण त्यांच्यापासून जरा दूर सरकले. फरहीननं शोधून काढेपर्यंत त्यांच्या नावाचा पुकारा एकदा होऊन गेला होता.

अपील ऐकणारे साहेब साताऱ्याकडचे होते, बोलायला मऊ. कामाचा ढीग असूनही त्यांनी फरहीनला पूर्ण बोलू दिलं. तिनं दाखला वाचला, सवयीची वाट म्हणजे काय ते समजावलं, व्हिडिओ दाखवला. चराच्या ठिकाणी साहेबांनी तो परत एकदा लावायला सांगितला. मग ते म्हणाले की व्हिडिओ पुरेसा बोलका आहे, पण कुणी ठरवूनही पडू शकतं. मला यांच्याच तोंडून ऐकायचं आहे. ते खुर्चीतून उठले, पाय मोकळे करत खिडकीपाशी गेले आणि तिथूनच विचारलं, "दौलतराव, तुम्हाला दिसतं का?"

पंचफुलाबाईंनी पदर मुठीत धरला. फरहीननं ओठांनी वाक्य तयार करून दिलं, जणू ते दौलतरावांना दिसणार होतं.

दौलतरावांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. त्यांनी विचारलं, साहेब खिडकीपाशी उभे आहेत का, आणि ती रस्त्याकडची खिडकी ना? साहेब हो म्हणाले.

"मंग थ्या खिडकीतून भित दिसते," दौलतराव म्हणाले. "भितीवर चित्र हाय. एक बाई बसेल हाय, तिनं नाकात मोत्याची नथ नाई, साधी मुरनी घातली. मांग सोयाबीनचं वावर, अन् वर लिवलं हाय, शिकलेली माय, घराले दिवा."

फरहीननं डोळे मिटून घेतले, पण दुःखानं नव्हे. त्या भिंतीसमोरून ती रोज येत-जात असे. तिच्यावर कायम कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा मोठा फलक लावलेला असे, आणि कुठलीही बाई तिथं नव्हती. पक्षकारानं नको ते बोलून आपोआप हवं ते सिद्ध केलं, असं तिला वाटलं.

साहेब खिडकीतून पाहत राहिले. मग सावकाश म्हणाले, "अगदी बरोबर आहे. बाई आहे. मुरणीसुद्धा आहे."

फरहीन उठून खिडकीशी गेली. नगरपालिकेनं बेकायदा फलक उतरवायची मोहीम काढली होती आणि नेमका त्याच सकाळी समोरचा फलक उतरवला होता. त्याच्यामागून, इतक्या वर्षांनी, फिकट रंगाची एक बाई उन्हात बसलेली दिसत होती. मागं वावर होतं. वर अक्षरं होती, आणि त्यांचं वळण काटेपिंपरीच्या विहारावरच्या अक्षरांसारखंच होतं. फरहीनला सगळा कायदा विसरायला झाला.

"थे मीच काढलं हाय, सायेब," दौलतराव आनंदानं म्हणाले. "साक्षरतेच्या वक्ताले. पाऊस लागू नये म्हनून दोन हात जास्त मारले. दिसते नं छान?"

लिहून घेणाऱ्या कारकुनानं लिहिणं थांबवून साहेबांकडं पाहिलं. पंचफुलाबाईंनी पदर तोंडाशी नेला. साहेबांनी खिडकीतून वाकून चित्राच्या खालच्या बाजूला नीट पाहिलं. मग त्यांनी विचारलं, बाईच्या मांडीवर काय आहे?

"पोरगी हाय नं," दौलतराव म्हणाले. त्यांनी हात वर करून दाखवलं. "थे पाहा, तिच्या हातात पाटी. पाटीवर 'घ' काढून राह्यली, घराचा. जीभ जराशी बाहेर आली तिची. लेकरं लिवतानी तशीच काढतेत, सायेब."

त्यांचं बोट कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडं होतं.

साहेबांनी कपाटाकडं पाहिलं, मग पुन्हा खिडकीबाहेर. बाईच्या कमरेपासून खाली भिंत नव्हतीच. ती फोडून तिथं मोबाईल दुरुस्तीचं दुकान काढलेलं होतं आणि त्याचं राखाडी शटर अर्धं उघडं होतं. मांडी, पोरगी, पाटी, 'घ', सगळं केव्हाच गेलं होतं.

"तिथं एक शटर आहे. ते दिसत नाही तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"कायचं शटर, सायेब? तिथं पोरगी हाय." आणि दौलतरावांनी कपाटाकडं पाहून हसून मान हलवली, चित्रातल्या पोरीला ओळख द्यावी तशी.

 साहेब खुर्चीत येऊन बसले आणि कारकुनाला त्यांनी हळू आवाजात निकाल सांगायला सुरुवात केली. मागची चौकशी रद्द, दवाखान्याचा दाखला ग्राह्य, अर्ज केल्या महिन्यापासून पेन्शन मंजूर. सांगता सांगता ते मध्येच थांबले आणि त्यांनी दौलतरावांना विचारलं की त्या सोयाबीनच्या वावराच्या पलीकडं काय आहे. दौलतरावांनी सांगितलं की पलीकडं एक वाट आहे आणि तिच्यावरून एक माणूस सायकलवर घरी चालला आहे, पण तो फार लहान काढला, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. साहेबांनी ते ऐकून घेतलं आणि निकाल पुढं चालू केला. कारकुनानं सायकलवाल्यालाही लिहून घेतलं होतं, ते नंतर खोडावं लागलं.

निकालाची प्रत मिळेपर्यंत पंचफुलाबाई कचेरीत थांबल्या. फरहीन दौलतरावांचा हात धरून त्यांना जिना उतरवून बाहेर घेऊन आली. दुपार झाली होती. रस्त्यावर ऑटोंची गर्दी होती, पण थंडीच्या उन्हात तीही गर्दी जरा दूर असल्यासारखी वाटत होती. दोघं भिंतीसमोर, रस्त्याच्या या बाजूला उभे राहिले.

 दौलतरावांनी विचारलं, "बेटा, खरंच शटर हाय का तिथं?"

फरहीननं समोर पाहिलं. दुकानदारानं शटर आता पूर्ण वर केलं होतं आणि आत तो कुणाच्या तरी फोनची पाठ उघडून बसला होता. तिच्या ओठांवर खरं उत्तर आलं होतं. ते तिथंच राहिलं.

"नाही काका," ती म्हणाली. "साहेबांनी तुम्हाला अजमावायले विचारलं."

"मलेही तसंच वाटलं." ते सुटल्यासारखे हसले. "मंग पोरगी हाय?"

"आहे."

"पाटी?"

"पाटी आहे. 'घ' बी आहे." एकदा सुरू झाल्यावर तिला थांबणं जमेना. तिनं त्यांना सांगितलं की रंग जराही उडालेला नाही, वावर हिरवंगार आहे, पोरीच्या वेण्यांना लाल फिती आहेत, त्या बाईच्या चेहऱ्यावर ऊन पडलंय. दौलतराव मान हलवत ऐकत होते, मध्येच एखादी गोष्ट दुरुस्त करत होते. फिती लाल नाहीत, गुलाबी. फरहीन म्हणाली, हो, गुलाबीच, मी नीट पाह्यलं नाही.

"अन् त्या बाजूले एक शेळी आहे," ती म्हणाली.

दौलतराव थांबले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "शेळी? शेळी म्या नाई काढली."

फरहीन गोंधळली. तिनं परत पाहिलं. शेळी होती. बाईच्या डाव्या अंगाला, वावराच्या कडेला, पांढरी, काळ्या ठिपक्यांची, भिंतीला लागून, अगदी चित्रात शोभेल अशी उभी होती.

"आहे काका. मी पाहून राह्यली नं."

"मंग मांगून कोनी काढली असंल," दौलतराव विचार करत म्हणाले. दुसऱ्याच्या चित्रात हात घालणाऱ्यांबद्दल त्यांना राग होता, पण तो त्यांनी गिळला. एका पेंटरनं दुसऱ्याबद्दल विचारावं तसं त्यांनी विचारलं, "जमली का त्याले?"

"छान जमली."

"पाय? शेळीचे पाय कठीन असतेत. भल्याभल्याले टेबलाचे पाय होतेत."

"पाय बरोबर आहेत."

"अन् कान?"

"कान हालून राह्यले," फरहीन म्हणाली. आणि म्हणून गेल्यावर तिनं जीभ चावली.

ऑटो जात राहिले. कचेरीच्या दारातून पंचफुलाबाई कागद छातीशी धरून, गुडघ्यांची काळजी न करता, भराभर पायऱ्या उतरत येत होत्या. दौलतराव भिंतीकडं तोंड करून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरची आठी हळूहळू मिटत गेली आणि तिथं आदराचा भाव आला.

"हालून राह्यले म्हनतं?" ते म्हणाले. "मंग तो माह्यापक्षा मोठा पेंटर हाय बावा."